पाळीवरचा बिडाचा कठडा भंगारात काढू नका

मा. अध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक, नगरपंचायत, यांस,

सप्रेम नमस्कार.

नगरपंचायतीच्या फलकावर लागलेली लिलावाची नोटीस मी परवा उभ्या उभ्या तीनदा वाचली. ‘तलावाच्या पाळीवरील जुने निरुपयोगी लोखंडी साहित्य, अंदाजे पाच टन, जसे आहे तसे, वजनावर.’ नोटिशीत ज्याला साहित्य म्हटलं आहे तो घाटावरचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कठडा आहे आणि त्याच्या मधले दिव्याचे चार खांब आहेत. त्यांच्या जागी स्टीलचा कठडा, खाली पेव्हर ब्लॉक आणि टोकाला सेल्फी पॉइंट, असा सुशोभीकरणाचा आराखडा मंजूर झाल्याचं कळलं. हा लिलाव थांबवावा आणि कठडा जागेवर ठेवून दुरुस्त करावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. पत्र उघड लिहिलं, कारण पाळ, म्हणजे तलावाचा बांध, साऱ्या गावाची आहे.

बस स्टँडजवळचं वेल्डिंगचं दुकान माझं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराचं फाटक नाहीतर खिडकीची जाळी माझ्या हातची आहे. स्टीलच्या कठड्याचं काम निघालं तर त्यातलं थोडंफार माझ्याकडे येईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ते काम मला नको. तरुणपणी मी आयटीआयमधून फाउंड्रीचा ट्रेड केला आणि चार वर्षं कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगवर, साचे करायच्या कामावर होतो. बीड म्हणजे काय, ते ओततात कसं, फुटतं कसं आणि टिकतं किती, हे पुस्तकात वाचून नाही, हात भाजून शिकलो आहे. म्हणून त्या नोटिशीतला ‘निरुपयोगी’ हा शब्द मला सहन झाला नाही.

नोटीस वाचली त्याच संध्याकाळी टेप, खडू आणि लहान हातोडी घेऊन पाळीवर गेलो आणि एका टोकापासून मोजत निघालो. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा ६४ जाळ्या होत्या, त्यातल्या आता ५३ जागेवर आहेत. उरलेल्या अकरांचे लहानमोठे तुकडे गोदामामागे भिंतीला टेकून पडले आहेत. मधले आधाराचे खांब १६. दिव्याचे खांब चार, त्यातल्या एकाचा वरचा कंदील नाही. प्रत्येक जाळी हातोडीनं हलकेच वाजवून पाहिली. बिडाला आतून तडा गेलेला असला तर आवाज मेल्यासारखा, मडकं फुटल्यासारखा येतो. ५३ पैकी ४६ जाळ्या चांगल्या वाजल्या. शंभर वर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या, चाळीस वर्षं कुणी नीट न पाहिलेल्या ५३ जाळ्यांपैकी ४६ आतून धड आहेत. आपल्या गावात शंभर वर्षांनी इतकी धड असलेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

आता ती नक्षी. आपण सगळे तिला टेकून लहानाचे मोठे झालो, म्हणून नजरेला सवय झाली आणि पाहणं राहून गेलं. प्रत्येक जाळीच्या तळाला तीन लाटा आहेत, एकीच्या पाठीवर दुसरी चढलेली. त्यातून दोन मासे वर निघतात, डोकी खाली आणि शेपट्या वर, आणि मध्यभागी शेपट्यांची गाठ पडते. गाठीवर एक शिंपला. माशांच्या अंगावर खवले आहेत, ओठ जाड आहेत, कपाळ फुगीर आहे. दिव्याच्या खांबाला तेच मासे खाली बुडाशी वेटोळं घालून बसवले आहेत. बुडाच्या मागच्या अंगाला, तलावाच्या बाजूनं, इंग्रजी अक्षरं उठावाची आहेत. रंगाच्या थरांखाली ती बुजली आहेत. मी ओल्या चिंधीनं आणि नखानं घासलं तेव्हा एवढंच वाचता आलं : ग्लासगो.

लहानपणी आम्ही त्या माशाला मरळ म्हणायचो. ढिवर मोहल्ल्यातले एक म्हातारे पाळीवर जाळं वाळत घालायचे, ते मात्र दर वेळी मान हलवायचे. ‘हा आपल्या पान्यातला नोहे गा. कोन्या मोठ्या पान्यातला आहे.’ जन्मभर तलावातल्या माशांवर पोट भरलेला माणूस, समुद्र कधी न पाहिलेला, पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. तो डॉल्फिन आहे, जुन्या युरोपी कारागिरांनी काढायचे तसा, खऱ्याला नसतात ते खवले असलेला आणि खऱ्याहून जास्त रागीट. मी कोल्हापूरला असताना मित्रांबरोबर गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. वाळूत एक शिंपला सापडला, उचलला आणि तिथंच थांबलो. वरून खाली पंख्यासारख्या उतरणाऱ्या त्या रेघा मला बोटांनी ठाऊक होत्या. कान्होबा बोळवायला, म्हणजे विसर्जनाला, आईबरोबर घाटावर जायचो तेव्हा गर्दीत हात सुटू नये म्हणून मी ज्याला धरून उभा राहायचो, तोच हा शिंपला.

समुद्राची नक्षी धानाच्या मुलखात आली कशी, याची गोष्ट मोठी आहे. थोडक्यात सांगतो, कारण सभेत एका सन्माननीय सदस्यांनी ‘इंग्रजांचं लोखंड कशाला जपायचं’ असं विचारल्याचं कानावर आलं.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये समुद्रकाठी हवा खायला जाण्याची लाट आली. रेल्वे झाली, गिरणीतल्या कामगारालाही सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर जाता येऊ लागलं. मग गावोगावच्या किनाऱ्याला फिरायचे लांब रस्ते झाले आणि त्यांना कठडे, दिव्याचे खांब, बसायची बाकं, सावलीचे मांडव, बँडचे चौथरे लागले. हे सगळं बिडाचं व्हायचं, कारण एकदा लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा काढायचा नमुना, कोरला की एकसारख्या शेकडो जाळ्या ओतता येतात. दगडात तोच मासा कोरायला पाथरवटाला दर वेळी नव्यानं सुरुवात करावी लागते. स्कॉटलंडमधलं ग्लासगो या कामाचं माहेरघर होतं. तिथली वॉल्टर मॅकफार्लेन यांची सॅरासेन फाउंड्री १८५० साली निघाली आणि १९६७ पर्यंत चालली. ही मंडळी जाडजूड कॅटलॉग छापायची. घरबसल्या नमुन्याचा नंबर निवडायचा आणि पत्रानं कळवायचं. ब्रिटनच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानापर्यंत हा माल जहाजानं जायचा. लंडनला टेम्स नदीच्या बांधावर १८७० मध्ये दिव्याचे खांब बसवले, त्यांच्या बुडाशीही असेच मासे वेटोळं घालून आहेत.

आपल्या गावात तो आणला मालगुजारांनी, म्हणजे इंग्रजी अमलातल्या गावच्या जमीनदारांनी. घाटाच्या तिसऱ्या पायरीवरच्या दगडावर ‘सन १९१३’ कोरलेलं आहे, ते पाणी उतरलं की आजही दिसतं. तलाव त्याहून कितीतरी जुना, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि माजी मालगुजारी म्हणून ‘मामा तलाव’ हे नाव पडलं. आपल्या भागातल्या हजारो मामा तलावांपैकी हा एक. कठडाही त्याच वाटेनं आधी सरकारकडे आणि मग तुमच्याकडे आला.

तो आला तेव्हा आपण काही फुकट घेतला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातून मँगनीज निघायला लागलं. आज ‘मॉईल’ म्हणून जी मँगनीजची कंपनी आपण ओळखतो तिचं मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या एका इंग्रज सिंडिकेटमध्ये आहे. चिखल्याच्या, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतला दगड आपल्या बायामाणसांनी डोक्यावरून वाहिला, तो रुळावरून बंदराला आणि तिथून जहाजानं परदेशच्या पोलादाच्या भट्ट्यांना गेला. फाउंड्रीत काम केलेल्याला मँगनीज काय करतं ते सांगावं लागत नाही. लोखंडातलं गंधक ते धरून ठेवतं, ते नसेल तर ओतलेला माल ठिसूळ निघतो. जाताना आपली माती गेली आणि येताना नक्षी आली. ती नक्षी दगडात बसवणारे हातही इथलेच. वडारांनी पायरीच्या दगडाला चौकोनी खळगे पाडले, त्यात खांब उभे केले आणि वितळलेलं शिसं ओतून छिन्नीनं ठोकून बसवलं. सात खांबांच्या बुडाशी ते शिसं अजून आहे. त्यावर छिन्नीचे घाव एकाशेजारी एक, धानाच्या पेंढीसारखे पडलेले दिसतात. ज्यांनी ते घातले त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, घाव तेवढे उरलेत.

आणि लोखंडाची ओळख आपल्याला इंग्रजांनी करून दिली, असंही नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खनन झालं तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. त्या काळी शिळावर्तुळं रचून मृतांना पुरणारी माणसं इथं कुऱ्हाडी आणि घोड्यांचे लगाम घडवत होती. ते घडीव लोखंड, हे ओतीव. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. तो नीट न कळल्यानंच पाळीवरच्या कठड्याची ही दशा झाली आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

२००९ मध्ये पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना घाटाजवळच्या जाळीला धक्का बसला आणि माशाची शेपटी तुटली. मला बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी बैल धुवायला सगळं गाव घाटावर येणार, म्हणून घाई होती. मला बीड ठाऊक होतं, फाउंड्रीत शिकलो होतो, तरी घाईत साधा रॉड लावून टाका मारला. वरून दिसायला छान झालं. आठ दिवसांनी गेलो तर टाक्याच्या शेजारून नवा तडा गेला होता, पहिल्यापेक्षा लांब. मवाळ लोखंडात कार्बन असतो पाव टक्क्याच्या आत, बिडात तीन-साडेतीन टक्के. साध्या रॉडनं एका जागी तापवलं आणि गार होऊ दिलं की टाक्याच्या कडेचं बीड काचेसारखं कडक होतं आणि आपल्याच ताणानं फाटतं. निकेलचा रॉड हवा, आधी सगळा भाग सारखा तापवायला हवा, बोटाच्या पेराएवढे छोटे टाके मारत हलके ठोकायला हवेत आणि मग राखेत पुरून रात्रभर सावकाश गार करायला हवं. हे सगळं मला येत होतं आणि मी केलं नाही. तो तडा अजून तिथंच आहे, पूर्वेकडून नववी जाळी. रोज दुकानात जाताना मी तो पाहतो.

दुसरं नुकसान सिमेंटनं केलं. काही वर्षांपूर्वी पायऱ्यांच्या दुरुस्तीत खांबांच्या बुडाशी सिमेंटचे गोळे थापले गेले. हेतू चांगलाच होता. पण सिमेंट आणि बीड यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच. पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आतल्या आत तो फुगतो आणि बिडाला ताण सोसत नाही, दाब कितीही द्या. अकरापैकी आठ जाळ्या अशाच कानाशी, म्हणजे खांबात अडकतात तिथं फुटल्या आहेत. जिथं जुनं शिसं शाबूत आहे तिथली एकही जाळी फुटलेली नाही. याचा अर्थ कठडा म्हातारपणानं मोडलेला नाही. आपल्या दुरुस्त्यांनी मोडला आहे आणि चांगल्या दुरुस्तीनं उभा राहील.

इथं मी ब्रायटनचं उदाहरण देतो. माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे, समुद्रकाठच्या या गावी. (या शहराच्या राजचिन्हातच दोन डॉल्फिन आहेत!) आपल्या कठड्याचा फोटो मी तिला पाठवला, तर तिनं सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन मला तासभर व्हिडिओवर फिरवलं. तिथं मडेरा टेरेस म्हणून बिडाच्या कमानींची एक रांग आहे, समुद्रासमोरच्या कड्याला टेकून बांधलेली, ८६५ मीटर लांब. एकूण १५१ कमानी. नगराचे सर्वेक्षक फिलिप लॉकवूड यांनी ती आखली आणि १८९० ते १८९७ या काळात ती उभी राहिली. खाली सावलीत चालायचं आणि वरच्या मजल्यावरून समुद्र पाहायचा. तिची देखभाल मागे पडली, खारी हवा सांध्यांत शिरली, आणि २०१२ मध्ये नगरपालिकेला ती धोकादायक म्हणून बंद करावी लागली. भाचीनं दाखवलं तेव्हा कमानींपुढं कुंपण होतं. मी तिला म्हणालो, बाई, फोन जरा सांध्याजवळ ने. नेला, तर तोच लाल-काळा पापुद्रा, तीच फुगलेली कड. सात समुद्रापलीकडचं दुखणं आणि आपलं दुखणं एकच आहे.

पण त्यांनी लिलावाची नोटीस लावली नाही. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली, आणि तीन कमानींच्या दुरुस्तीसाठी ४ लाख ६० हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. २०२० मध्ये देशाच्या वारसा यादीत या टेरेसला वरचा दर्जा मिळाला. २०२४ च्या अखेरीस पहिल्या टप्प्याचं, २८ कमानींचं काम सुरू झालं. १५१ पैकी २८. मला त्यांचं हेच पटलं. सगळं एकदम होत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असं त्यांनी केलं नाही.

त्याच गावात उलटं उदाहरणही आहे. समुद्रात खांबांवर उभा केलेला वेस्ट पिअर नावाचा लोखंडी धक्का १८६६ मध्ये सुरू झाला होता. १९७५ मध्ये तो बंद केला. वारसा यादीत त्याला सगळ्यात वरचा दर्जा होता, पण पैसा आणि निर्णय वेळेवर आले नाहीत. २००२ च्या डिसेंबरात त्याचा एक भाग समुद्रात कोसळला, २००३ मध्ये दोनदा आग लागली. आता पाण्यात फक्त सांगाडा उभा आहे, त्यावर पक्षी बसतात. भाचीनं तोही दाखवला. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आणखी एक गोष्ट त्या देशातून सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांना लोखंड लागेल म्हणून तिथल्या घरांचे आणि बागांचे हजारो कठडे कापून नेले. आजही कित्येक गल्ल्यांत दगडी कट्ट्यावर कापलेल्या गजांचे ठोंब ओळीनं दिसतात. कापायला एक दिवस लागला. ऐंशी वर्षं झाली, बहुतेक ठिकाणी ते परत आले नाहीत.

आता पैशाचं बोलू, कारण सभेत शेवटी तेच विचारलं जाईल आणि ते विचारायलाच हवं. एका जाळीचं वजन ५५ किलोच्या आसपास आहे. ६४ जाळ्या, १६ खांब, दिव्याचे चार खांब मिळून पावणेपाच ते पाच टन होतात, म्हणजे नोटिशीतला अंदाज बरोबर आहे. बिडाचं भंगार आपल्याकडे किलोला तीस-पस्तीस रुपयांनी जातं. हिशेब दीड लाखाच्या अलीकडे-पलीकडे येतो. शंभर वर्षांच्या वस्तूचे गावाला मिळतील ते हे दीड लाख. स्टीलच्या कठड्याचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात आहेच, त्याच्यापुढं ही रक्कम पेव्हर ब्लॉकच्या चार ओळींनाही पुरणार नाही. शिवाय स्टील म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा २०२ ग्रेडचा पाइप लागतो, कारण तो स्वस्त पडतो. दोन पावसाळ्यांत त्यावर तपकिरी ठिपके येतात. बाजार चौकातला कठडा जाऊन पाहा. तो माझाच आहे, मागितला तसा मी करून दिला.

मोडलेल्या जाळ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्या पुन्हा ओतता येतात. नागपूरला फाउंड्र्या आहेत, कोल्हापूरला तर गल्लोगल्ली आहेत, आणि इंजिनाचे ब्लॉक ओतणाऱ्या हातांना मासा अवघड नाही. फक्त एक खबरदारी हवी. जुनी जाळीच वाळूत दाबून साचा काढला तर नवी जाळी लहान येते. बीड गार होताना शेकडा एक टक्का आकसतं, म्हणजे चार फुटांच्या जाळीत जवळपास अर्धा इंच कमी पडतो आणि कान खांबात बसत नाहीत. म्हणून आकुंचन धरून लाकडी पॅटर्न नव्यानं कोरावा लागतो. तो कोरायला नमुना हवा. डावा मासा एका तुकड्यात पूर्ण आहे, उजवा दुसऱ्यात, शिंपला तिसऱ्यात. म्हणून गोदामामागचे ते तुकडे जाळ्यांइतकेच मोलाचे आहेत. पॅटर्न एकदा झाला की पुढची शंभर वर्षं कामाला येतो, नगरपंचायतीच्या कपाटात ठेवा.

रंगाबद्दल मात्र मनापासून सावध करतो. फुटलेल्या कडेवर रंगाचे थर मोजले तर वरून रुपेरी, मग हिरवा, मग चॉकलेटी, आणि सगळ्यात खाली शेंदरी आहे. तो शेंदरी थर म्हणजे खरंच शेंदूर, शिशाचा. जुन्या लोकांनी गंज अडवायला लावलेला आणि त्यानं काम चोख केलं. पण ग्राइंडर लावून तो कोरडा उडवला तर ती धूळ विष आहे. कंत्राटदार कोणीही असो, ओलं करून खरवडायचं, तोंडाला मास्क, खाली ताडपत्री, आणि खरवड तलावात एक चिमूटभरही जाऊ द्यायची नाही. तलावात ढिवरांचे शिंगाडे आहेत, मासोळी आहे, आणि ती आपल्याच ताटात येते.

पोरं पडतील, कठडा ठेंगणा आहे, अशी काळजी एका ताईंनी सभेत बोलून दाखवली म्हणे. ती काळजी खोटी नाही. तीन फुटांचा कठडा आजच्या हिशेबानं कमीच. त्यासाठी जुन्या कठड्याच्या आतल्या अंगाला, त्याला न टेकता, साध्या पाइपची एक उंच ओळ स्वतंत्र उभी करता येते. लांबून ती नजरेत भरत नाही आणि पोरं सुरक्षित राहतात. तिचं काम मी मजुरी न घेता करीन.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची जी व्याख्या आहे, तिच्यात इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूही येतात, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. दगडावर १९१३ आहे. लिलावाच्या आधी पुरातत्त्व विभागाला एक पत्र टाकून विचारावं, एवढं तरी नियमाला धरून आहे. बोली बोलणाऱ्याला नंतर अडचण आली तर ती गावाच्या माथी येईल.

माझं मागणं असं. नोटीस मागे घ्या. जागेवरच्या ५३ जाळ्यांना आणि खांबांना रंगानं नंबर टाकून त्यांची नोंद करा, म्हणजे उद्या एखादी गायब झाली तर कळेल. सिमेंटचे गोळे या उन्हाळ्यात छिन्नीनं काढू या, यंत्रानं नाही, आणि बुडाला पाणी वाहून जायला उतार देऊ या. त्यानंतर दर वर्षी एक घाट, जमेल तेवढाच. पहिला घाट पूर्वेचा धरावा असं मला वाटतं, कारण दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, तिकडेच भरते, दंडारीच्या खेळाला सगळा तालुका तिकडेच जमतो. लोकांना काम डोळ्यांनी दिसलं तर वर्गणीही निघेल. नववी जाळी मी माझ्या खर्चानं उतरवून, राखेत पुरून, नीट जोडून देईन. ते माझं देणं आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पाळीवर आहे. आपल्यापैकी ज्यांना येणं जमेल त्यांनी यावं. हातोडी माझ्याकडे असेल. एक चांगली जाळी आणि एक फुटकी जाळी वाजवून दाखवतो, दोन्ही आवाज स्वतःच्या कानांनी ऐका आणि मग सभेत काय ते ठरवा.

तोवर एक लहान काम आहे. गोदामामागचे ते तुकडे भिंतीच्या पागोळ्यांखाली पडले आहेत आणि यंदा अवकाळीचा नेम नाही. ते चार विटांवर उचलून वर ताडपत्री टाकायची आहे. ताडपत्री माझ्या दुकानात आहे, दोन पोरं मदतीला आहेत. गोदामाच्या आवारात शिरायला परवानगी लागते, असं तिथल्या चौकीदार भाऊंनी सांगितलं. ती परवानगी मला उद्याच मिळावी, ही विनंती.

आपला,
बस स्टँडजवळचा वेल्डिंगवाला